भार्गवीच्या नावाच्या पिशव्या

२ सप्टेंबर
आजपासून कुणाशी भांडायचं नाही असं सकाळी ठरवलं होतं. दुपारी हातखंब्याला रिक्षावाल्याशी झालं. तोंडाने ठरवलेलं टिकत नाही, म्हणून ही वही.

नोकरी लागली. कॉलेज सोडलं त्याला वर्ष होऊन गेलं. (काढलं नाही, मी सोडलं. सर वर्गात मला 'लांजा पॅसेंजर' म्हणाले, मी डस्टर फेकला. लागला नाही. लागला असता तर निदान फेकल्याचं सार्थक तरी झालं असतं.) आई लांज्याहून रोज फोन करते, बाबा मुंबईहून करतच नाहीत.

मालकाचं नाव सलिल. माझ्याहून सात-आठ वर्षांनीच मोठे असतील, पण इस्त्रीचा शर्ट आणि हळू बोलणं, त्यामुळे आपोआप 'सर' निघतं. ते चीनमधून आंब्याच्या कागदी पिशव्या मागवणार आहेत. कैरी अंड्याएवढी झाली की झाडावरच तिला पिशवी घालायची आणि तोंड तारेने आवळायचं. मग फळमाशी नाही, उन्हाचा चट्टा नाही, साल लग्नातल्या नवरीसारखी. गेल्या वर्षी मुंबईच्या व्यापाऱ्याने फाटका माल गळ्यात मारला, म्हणून आता थेट कारखान्याकडून.

सर म्हणाले, "त्यांच्यावर इथून नजर ठेवायला माणूस हवा. मला भांडता येत नाही. तुला येतं असं ऐकलंय."

या गुणावर मला पहिल्यांदाच कुणी ठेवून घेतलं.

पहिलं गिऱ्हाईक गोळपचे दत्तूकाका. म्हणजे भार्गवीचे बाबा. पगार किती ते मी विचारलंच नाही.

२१ सप्टेंबर
चीनकडची बाजू मिस वेई म्हणून एक बाई सांभाळते. व्हिडिओवर दिसते ती अशी: चष्मा, निळा डगला, मागे यंत्रांची घरघर. माझं इंग्रजी कच्चं, तिचंही कच्चं, म्हणून छान जमतं. पहिल्या नमुन्याचा डिंक सुटला. मी ओरडलो. ती म्हणाली, "समजले. पुन्हा करते." दुसऱ्याची तार गंजली. पुन्हा ओरडलो. "समजले." अख्ख्या आयुष्यात मला इतकं कुणी समजून घेतलेलं नाही.

तिसरा नमुना आज पास. पातेल्यावर पिशवी ताणून वर पाणी ओतलं. अळूच्या पानावर राहतं तसं गोळा होऊन राहिलं, अर्ध्या तासाने ओतून टाकलं तर कागद खालून कोरडा. कागदाला मेणाचा हात असतो, ती सगळी त्याची करामत. एक पिशवी लखोट्यात घालून लाखेने बंद केली, वर सरांची आणि माझी सही. तशीच एक मिस वेईकडे. आता येणाऱ्या प्रत्येक पिशवीने हिच्यासारखं असायचं. याला क्वालिटी म्हणतात.

५ ऑक्टोबर
गोळपला नमुना दाखवायला गेलो, सरांच्या गाडीतून. भार्गवी घरी होती.

ती आता शेवटच्या वर्षाला. मी होतो तेव्हा वर्कशॉपच्या तासाला माझ्या शेजारी उभी राहायची, जर्नल द्यायची. मी सोडल्यावर तिने एकदा 'काय चाललंय?' असा मेसेज केला होता. तो अजून आहे.

दत्तूकाकांनी मला खालून वर पाहिलं. "काय रे, तूच ना तो डस्टरवाला?"

भार्गवी फस्सकन हसली. लाज वाटली, पण हसली तर खरी.

काका पिशवी उजेडात धरून म्हणाले, "दोन वर्षं झाली सलिलराव. एकदा तुडतुडे, एकदा उशीर. आता परदेशचा माणूस म्हणालाय, डाग नसेल तर बागेतला सगळा आंबा उचलतो. हे वर्ष साधलं तर साधलं. नाहीतर कलमं देतो मागे लागलाय त्या मुंबईवाल्याला, दहा वर्षांच्या करारावर. मला होत नाही आता."

"बाबा, असं बोलू नका," भार्गवी म्हणाली. "मी आहे ना. परीक्षा झाली की मीच बघणार बाग."

"बघ हो. कोण नको म्हणतंय?"

मग तिने कोकम सरबत आणलं. सरांच्या पेल्यात साखर कमी. सरांना गोड चालत नाही हे तिला कसं कळलं कोण जाणे. निरीक्षण फार आहे तिचं. माझ्यातलंही काही ना काही टिपत असणारच.

निघताना विचारत होती, "तुमचे सर आता दर शनिवारी येणार का रे?" म्हणजे मीही येणार का, हे आडून विचारणं. म्हटलं, येणारच.

३ नोव्हेंबर
सुचलं! आंघोळ करताना सुचलं, साबण तसाच डोळ्यांत.

गोळपच्या पेट्या कारखान्यात वेगळ्या बांधायच्या आहेतच. तेवढ्या पिशव्यांवर नाव छापायचं. 'भार्गवी'. बस्स. ब्रँडचं नाव असतं तसं. बागेला नाव नाहीच आहे, काका नुसतं 'वरची बाग' म्हणतात. फेब्रुवारीत झाडाझाडावर तिचं नाव लोंबेल. मी तोंडाने काही बोलणार नाही. तोंडाने बोललो की माझं बिघडतं.

सरांना आत्ताच सांगायचं नाही. विचारलं तर 'नको' म्हणतील, आणि मग माझं डोकं फिरेल.

मिस वेईला अक्षरांचं चित्र पाठवलं. तिने लिहिलं, "मेणाच्या कागदावर शाई धरत नाही. छपाई हवी तर बिनमेणाचा कागद, वर हलका लेप. नवा नमुना पाठवू का?"

नमुना आला की सरांच्या टेबलावर येणार. लिहिलं, नमुन्याला वेळ नाही, छापा.

१९ नोव्हेंबर
ही बाई चिकट आहे. पुन्हा लिहिलं, "छपाईच्या कागदावर पाण्याची चाचणी कॅमेऱ्यावर दाखवू का? सलिल सरही बघतील."

म्हटलं, गरज नाही.

दुपारी परत, "कृपया चाचणी बघा."

माझं टाळकं सटकलं. जानेवारीअखेर त्यांचं नवीन वर्ष, कारखाना बंद होणार, बोट त्याआधी सुटायला हवी, आणि हिचं कृपया-कृपया. लिहिलं, तुम्हाला जमत नसेल तर दुसरा कारखाना आहे.

"समजले," एवढंच आलं.

नंतर वाईट वाटलं. पण धाक हवाच. काका सांगतात ना, कलमाला खिळा ठोकला की फळ धरतं.

१२ डिसेंबर
माल बोटीवर चढण्याआधीची तपासणी. सर शेजारी बसलेले. पद्धत अशी की पेट्यांच्या थप्पीतून कुठल्याही पेट्यांचे नंबर आपण सांगायचे, त्यांनी त्या आपल्यासमोर फोडायच्या, म्हणजे त्यांना निवडून चांगलं दाखवता येत नाही.

नंबर मी सांगितले. गोळपचे सोडून.

मिस वेई क्षणभर कॅमेऱ्याकडे बघत राहिली. मला वाटलं लाइन गेली. मग तिने पेट्या फोडल्या, पाणी ओतलं, सगळं अळूचं पान.

"वा," सर म्हणाले. "डोळ्यात तेल घालून काम करतोस." माझ्या पाठीवर हात ठेवला.

१४ जानेवारी
संक्रांत. ट्रक हातखंब्याच्या गोदामात लागला. गोळपची पहिली पेटी मीच फोडली. हिरव्या शाईत नाव. इतकं सुंदर अक्षर मी स्वतः काढू शकलो नसतो.

"हे काय?" सर मागे उभे.

काय काय बोलायचं ते मी महिनाभर घोकलं होतं. ऐन वेळी म्हणालो, "ते... ब्रँडसारखं. काकांच्या मालाला."

सरांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. रागावतील म्हणून मीही तयारीत होतो. पण ते हसले. "बरं दिसतंय." आणि गोळपच्या पेट्या स्वतःच्या गाडीत भरून निघून गेले. मी बाकीचा माल मोजायला मागे. तिळगूळ गोदामातल्या उंदरांनी खाल्ला.

१६ जानेवारी
तिचा फोन! तिने स्वतः केलेला!

"अरे, तुमच्या सरांनी काय केलंय पाहिलंस का?"

मी म्हटलं, "काय?"

"पिशव्यांवर नाव! माझं! बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं रे. म्हणाले, बागेचं बारसं केलंन पोराने. आणि सरांनी एक अक्षर सांगितलं नव्हतं. मी आभार मानले तर नुसते हसले. आपल्याकडे पुरुषांना असं सुचतं तरी का?"

मी म्हटलं, "हो. पाहिलं."

"तू पण काय, सांगायचंस ना आधी!"

फोन ठेवला आणि बालदीला लाथ घातली. बालदी फुटली. खोलीमालक ओरडला, त्याच्याशीही झालं.

शांत बसून विचार केला. आत्ता सांगितलं तर मी सरांचं श्रेय ओढतोय असं दिसेल. आंबा उतरेल, डाग नसेल, बाग वाचलेली असेल, तेव्हा सांगायचं. मग तिला सगळं मागून उलगडत येईल, आणि तेच जास्त गोड.

२० फेब्रुवारी
गोळपला पिशव्या घालायचं काम. नेपाळी गडी शेंड्यापर्यंत चढतात, खालच्या फांद्या बायका करतात. मी तार आवळायला शिकलो, तासाभरात हात बसला.

सरही आले होते. त्यांना येत नव्हतं. भार्गवी त्यांचा हात धरून दाखवत होती, "असं नाही हो, देठाला धक्का नको, असं." तासभर त्यांना येईना. इतका साधा प्रकार. शिकलेली माणसं हातांनी कच्चीच.

रात्री तिथेच राहिलो, पडवीत. पहाटे उठून बागेत गेलो. समुद्राकडून दंव आलं होतं, कातळसुद्धा ओला. झाडाझाडावर तिचं नाव. एका पिशवीला हात लावला तर भिजल्या पापडासारखी लिबलिबीत, फळाला चिकटलेली.

दहा वाजता परत पाहिलं, कडकडीत वाळलेली. म्हणजे वाळते. वाळते म्हटल्यावर झालं.

२८ मार्च
चार दिवस मळभ, परवा पावसाची एक सर येऊन गेली. आज सकाळी काकांचा फोन, "सलिलराव, जरा या."

काकांनी काही पिशव्या सोडून ठेवल्या होत्या. पिशव्या म्हणजे नुसता लगदा. सालीवर काळे ठिपके, बुरशीचे. आणि ठिपक्यांच्या मधोमध नाव. शाई कागदातून झिरपून सालीत बसली होती. कुठे 'भार्ग', कुठे 'गवी', काहींवर अख्खं, वाचता येईल असं.

काकांनी पंच्याने पुसलं. जाईना. नखाने खरवडलं. जाईना.

"आंब्याला गोंदलंन रे माझ्या पोरीचं नाव," ते म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला उभं राहता आलं असतं.

भार्गवी एकेक पिशवी सोडत पुढे पुढे जात होती. प्रत्येक सोडताना थांबायची, जणू ही तरी चांगली निघेल. अख्खी रांग तशी सोडली. तिला कुणी थांबवलं नाही.

शेजारच्या बागेत आपल्याच पिशव्या, बिननावाच्या. तिथलं फळ लखलखीत.

परतताना गाडी भाट्याच्या पुलावर आली. सर म्हणाले, "छपाई तू सांगितलीस."

"हो."

"मला संक्रांतीलाच कळलं होतं. तिने आभार मानले तेव्हा मी 'मी नाही' म्हणालो नाही." गिअर बदलत म्हणाले, "म्हणजे तुला बोलायला मला तोंड नाही."

मला वाटलं होतं, ते ओरडतील आणि मग मी त्यांचा गळा धरीन. सगळा राग तोंडात तसाच राहिला, कडू.

"कारखान्यावर दावा लावू," सर म्हणाले. "पाण्याच्या चाचणीबद्दल त्यांनी काही कळवलं होतं का तुला?"

"नाही," मी म्हणालो.

३ एप्रिल
मिस वेईला मेसेज टाकला, माल खराब निघाला म्हणून. उत्तर दुसऱ्याच कुणाचं. "या ऑर्डरचे काम आता मिस वेई पाहत नाहीत. आपल्या तक्रारीनंतर हा बदल केला आहे. आम्ही दिलगीर आहोत."

म्हणजे सरांचा दावा पोचला.

नमुना पाठवू का, चाचणी दाखवू का, कृपया बघा, ही तिची तिन्ही वाक्यं माझ्या फोनमध्ये आहेत. ती नव्या माणसाला पाठवायची म्हटली तर एक मिनिटाचं काम. पाठवणार आहे. आज नाही.

११ एप्रिल
भार्गवीला सगळं सांगून टाकलं.

कारण असं की काल तिने फोनवर विचारलं, "सर जेवतात का रे नीट? फार लागलंय त्यांना." मी म्हटलं, तुमची बाग गेली आणि तू त्यांच्या जेवणाचं विचारतेस? तर म्हणाली, "चूक झाली. पण किती हौसेने केलं होतं त्यांनी. ते नाव मी विसरू शकत नाही."

म्हणून आज कॉलेजच्या स्टॉपवर गाठलं. म्हटलं, "नाव त्यांनी नाही, मी छापलं."

"काय?"

"मी. माझं डोकं. त्यांना माहीतसुद्धा नव्हतं. चाचणी करू का म्हणून ती बाई सारखी विचारत होती, मीच नको म्हणालो. तुला कळावं म्हणून..."

पुढचं वाक्य मी दीड वर्ष तयार ठेवलं होतं. ते आलंच नाही.

तिचा चेहरा आधी कोरा झाला. मग हळूहळू कठीण. "कुणी सांगितलं होतं तुला? मी मागितलं होतं?"

"भार्गवी..."

"बाबा परवापासून बागेत पाऊल टाकत नाहीत, माहितीये? मुंबईवाला माणूस येऊन कलमं मोजून गेला. नुसतं एक पातेलंभर पाणी ओतायचं होतं रे तुला."

एस. टी. आली, गेली.

मग तिने विचारलं, "सरांना हे माहीत आहे?"

"हो. नावाचं संक्रांतीपासून."

"आणि त्यांनी इतके दिवस सगळं स्वतःवर घेतलं? तुला सांभाळून घ्यायला?"

मी सांगणार होतो. की तसं नाही, त्यांनी गोड वाटलं म्हणून घेतलं, कडू झाल्यावर कारखान्यावर ढकललं. तोंड उघडलंसुद्धा. पण तिचे डोळे भरून आले होते आणि ते माझ्यासाठी नव्हते. अशा डोळ्यांसमोर काय सांगणार?

"निदान आता तरी त्यांच्याशी नीट वाग," ती म्हणाली, आणि पुढच्या गाडीत चढली.

२६ एप्रिल
नोकरी अजून आहे. सर काढत नाहीत. काढलं असतं तर बरं.

करार झाला. वरची बाग दहा वर्षं मुंबईवाल्याकडे. सह्या झाल्या तेव्हा काकांनी सगळ्यांना चहा दिला म्हणे. सर तिथे होते. आता तर रोजच असतात. दिवाळीनंतर सरांचं तिथे काहीतरी ठरतंय असं ऑफिसातला शिपाई बोलला. मी त्याच्या अंगावर गेलो नाही. बसून राहिलो. त्याचंच नवल वाटलं.

मिस वेईची वाक्यं अजून पाठवलेली नाहीत. आता पाठवली तर दावा पडेल, दावा पडला तर काकांना मिळायचं तेही जाईल. असं मी स्वतःला सांगतो. खरं असेलही.

४ मे
परदेशचा माणूस फिरकला नाही. गोळपचा सगळा आंबा पावस रोडच्या कॅनिंगला घातला. तिथे सालीला किंमत नसते, रसाला असते, आणि तीही पडेल ती.

दाव्यासाठी खराब फळाचे फोटो हवेत. क्वालिटीचा माणूस मी, म्हणून मीच गेलो. शेडमध्ये ढीग. नाव नीट वाचता येईल अशी फळं शोधून, पुसून, उजेडात धरून फोटो काढले. ज्यांच्यावर अख्खं उठलंय ती बाजूला ठेवली. सवयीने त्यांची रांग लावली होती, नंतर लक्षात आलं.

साली काढायला बायका बसलेल्या. त्यातल्या एकीने, सगुणा म्हणत होत्या तिला, फळ डोळ्यांजवळ नेलं.

"काय गो लिवलाय ह्याच्यावर?"

शेजारची शिकलेली असावी. "भार्गवी."

"कोन गो ही भार्गवी?"

"बागवाल्याची बायको असंल."

"बायकोचा नाव कोन घालतो गो आंब्यावर! माज्या घोवाला तर माजा नावच ठावं नाय, अजून 'अगो' म्हनतो."

सगळ्या हसल्या. मग सगुणा माझ्याकडे वळली. "तू कवापासून फोटू काडतोस. तुजी कोन रे ही?"

"कोणी नाही."

"मंग काड फोटू," ती म्हणाली आणि सुरी फिरवली. एका गिरकीत साल सुटली, नावासकट, आणि पायाशी बादलीत पडली. खालचा आंबा पिवळाधमक, कुठे ठिपकासुद्धा नाही.

तिने एक फोड कापून सुरीच्या टोकावर पुढे केली. "घे. तोंड कसला केलायस. गोड हाय."

घेतली. गोड होती.